क-सात

पिकअपचा हौदा आठ फूट.
माझं घर तिथून सुरू होतं.
त्याहून लांब फळी पालच्या घाटात वळत नाही,
म्हणून आठ बाय चारचे तुकडे,
भिंतीला आठ, छपराला चार, जमिनीला तीन.
डेपोच्या लिलावातला साग
भुसावळच्या शेडमध्ये रंधून, भोकं पाडून,
प्रत्येकाच्या कानाशी निळ्या खडूनं नाव:
क-एक, क-दोन, क-तीन.
दोन माणसं, एक पाना, एक दिवस,
असं मी मालकांना लिहून दिलेलं.

मालकांना अशा बारा केबिनी हव्या होत्या
सुकीच्या काठावर, अंजनाच्या रांगेत.
"आपल्याला शांतता विकायचीय, मॅडम."
मी वहीत टिपलं:
शांतता. जाडी दीड इंच.

सुभान तडवीनं नकाशा उलटा धरला.
मी सुलटा करून दिला.
त्यानं परत उलटा केला,
आणि हनुवटीनं नदी दाखवली:
उतार तिकडं होता.

वैशाख. पंचेचाळीसचा पारा.
सालईची झाडं नुसती हाडं झालेली.
दुपारपर्यंत सहा तुकडे उभे राहिले, खटाखट,
मी फोटोही काढले.
मग क-सात.
बोल्ट बसला, भोक जुळलं,
पण क-सात आणि क-आठच्या मध्ये
एक बोट उजेड.
मी टेप लावला. पुन्हा लावला.
शेडमधली नोंद बघितली: माप बरोबर, तारीख श्रावणातली.
मी म्हटलं, लांबी भरून टाकू.
सुभान हसला नाही.
फटीत करंगळी घातली, काढली,
"आखाडात या, ताई,
तवा घालून दाखवा बोट."

जेवायला त्याच्या घरी.
कळण्याची भाकर, ठेचा, वर कच्चं तेल.
भिंतीला टेकले तर पाठीला काही टोचलं:
खांबावर कुऱ्हाडीचे घाव,
एकावर एक, पुढच्यावर दोन,
कोपऱ्यात फुली, फुलीशेजारी फुली आणि रेघ.
नक्षी म्हणावी तर फारच ओबडधोबड.

"खुणा," हुरमतबी चुलीकडूनच म्हणाली.
"सासऱ्याचं घर तीन डाव हाललं.
एकदा पाण्यानं, एकदा भावकीनं,
एकदा कशानं ते त्यालाच ठाव.
गाडीत घातलं, तिकडं उभं केलं.
खांब हेच. मातीच काय ती तिथली तिथली."

मी मोजले. सात.
सातव्याला खूणच नव्हती.
हात फिरवला, खालीवर बघितलं,
वाटलं, झिजली असेल.

"त्याले कायले पाहिजे?" सुभान म्हणाला.
"सहा लागले का उरला तो त्योच."

माझ्या लॅपटॉपमध्ये एका केबिनची
एकशे चाळीस लेबलं होती.
ती मी त्याला दाखवणार होते.
नाही दाखवली.

संध्याकाळी फटीवर एक पट्टी मारली,
दोन बोटं रुंद,
एकाच अंगाला खिळे.
दुसरं अंग मोकळं,
क-आठला जायचं तिथं जाऊ दे, यायचं तेव्हा येऊ दे.
सुभानच्या वाकसानं तिची धार मोडून दिली,
पैसे कसले, म्हणाला,
आणि वाकस मात्र धुऊन, पुसून नेलं.

रात्री मी आतच झोपले, बिनपडद्याच्या खिडकीशी.
दहाच्या सुमाराला लाकूड बोलायला लागलं.
टक्. मग बराच वेळ काही नाही.
मग छपराच्या तिसऱ्या तुकड्यात टक्,
जणू कुणी बोटं मोडतंय.
दिवसभरचं ऊन सुटत होतं.
बाहेर पिंगळा, त्याच्यापलीकडं नदीचा नुसता वाळूचा पट्टा.

पाहुणे विचारतील: हा आवाज कसला?
मालक मला विचारतील.
दीड इंचाचं काय झालं, म्हणतील.

सकाळी भुसावळला फोन केला.
पुढच्या अकरा केबिनींना पट्ट्या वाढवा,
हो, प्रत्येक सांध्याला,
नाही, खिळे एकाच अंगाला, चुकून नाही, मुद्दाम.
आणि क-सातवर काही लिहू नका.
"मग ओळखणार कसं, मॅडम?"

पिकअप वळत होता. धूळ खिडकीतून आत आली,
मी काच वर केली, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं.