मठारकाम

तीन वर्षं काय शिकलीस, असं आत्यानं विचारलं
मेन रोडवर, चिवड्याच्या पुड्या बांधून घेताना.
मी म्हटलं, चालायला.
ती हसली. तेवढ्यासाठी दिल्ली?
चालायला तर तू अकराव्या महिन्यातच लागलीस,
तांबट लेनच्या उताराला, भिंत धरून.

आता हिला कसं सांगायचं.
नाट्यविद्यालयात पहिले दोन महिने आम्ही नुसतेच चाललो.
सकाळी सहाला, अनवाणी, थंडगार लाकडी फळ्यांवरून.
बरुआ सर कोपऱ्यात डोळे मिटून बसायचे
आणि पाय ऐकायचे.
म्हणायचे, वडनेरे, तुझी डावी टाच खोटं बोलते.
बोलतच होती.
सहावीत असताना दुकानातल्या पत्र्याच्या काठावर कापलेली,
तेव्हापासून ती जमिनीवर
पूर्ण विसंबत नाही.

मग वाणी.
कौल मॅडमनी माझा ज आठवडाभर घोटून घेतला.
आमच्याकडे जगातला ज वेगळा, जिवातला वेगळा,
लिहिताना मात्र दोघे एकाच कपड्यात.
त्यांना खाली टिंब लागायचं.
आणि एवढा मोठा आवाज कशाला, त्या म्हणाल्या,
मी समोरच बसलेय.
मी म्हटलं, मॅडम, आमच्या गल्लीत
चहा झालाय एवढं सांगायलाही
दोन ठोक्यांमधली फट शोधावी लागते.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं
आणि मला चार महिने फक्त कुजबुज दिली.

वसतिगृहाची पहिली रात्र इतकी शांत
की झोपच येईना.
स्टीलच्या पेल्यावर नखानं टक टक करत राहिले,
तर इंफाळच्या लैशनानं उशी फेकून मारली.

दुसऱ्या वर्षी मूकाभिनयात मला हंडा आला.
नसलेला हंडा, नसलेल्या पाण्यानं भरलेला,
कमरेवर घेऊन खोली ओलांडायची.
मी मनात म्हटलं, हे तर माझ्या घरचं.
बाकीच्यांना कुणाला सायकल मिळाली, कुणाला आंधळेपण,
सगळे सुटले.
माझा हंडा वर्ष संपेपर्यंत
नापास.

बाबांनी कधी काही विचारलं नाही.
शेवटच्या नाटकाला यायचं म्हणाले, मग दिवाळीची ऑर्डर आली.
आता दुकानात अर्धा माल यंत्रावरचा,
पाण्याच्या बाटल्या, गुळगुळीत, सगळ्या एका तोंडाच्या.
तरी दुपारी ते एखादा हंडा मांडीशी ओढतात,
बोटाच्या पेरानं वाजवतात, मान कलती करून,
आणि म्हणतात, इथे पातळ पडलाय.
मला तो सगळीकडे सारखाच वाजतो.

काल जेवणं झाल्यावर गिऱ्हाईक नव्हतं.
मी ऐरणीपासून दारापर्यंत
तो दिल्लीचा हंडा घेऊन गेले.
बाबा मठारत होते. मान वर नाही.
म्हणाले, रिकामा आहे.
भरलेला आहे, मी म्हटलं.
ठक. ठक.
मग तू उंबऱ्याशी थांबलीस
तसं तुझं पाणीपण थांबलं.
पाणी लगेच थांबत नाही, मागून थांबतं.

मी परत ऐरणीपाशी गेले.
पुन्हा निघाले. पुन्हा.
डाव्या टाचेला सांगितलं, ठेव आता.
उंबऱ्याशी आले, थांबले,
आणि कमरेवर काहीतरी
माझ्या थांबण्याला धडकून मागे वळलं,
काठाशी आलं.

बाबांनी हातोडी न थांबवता
डाव्या हातानं समोरची उधारीची वही उचलली
आणि भिजू नये म्हणून
वरच्या फळीवर ठेवली.