पाण्याचा दिवस सोडून

मीटिंग गुरुवारी नको, तहसीन म्हणाली,
या गुरुवारी आमच्याकडं पाणी येतंय.
शुक्रवारी श्रीशैलच्या गल्लीत.
शेवटी चार घरांचे नळ जुळवून
शनिवार ठरला, अकरा वाजता,
सात रस्त्याजवळ, मेडिकलच्या वरच्या खोलीत,
जिथं खुर्च्या तीन होत्या आणि माणसं पाच.

मी कारखान्याची हिशेबनीस.
मालक म्हणाले, वडनालबाई, वेबसाइटचं तुम्हीच बघा,
तुमचं मराठी चांगलं आहे.
घरी आम्ही तेलुगूत भांडतो, पण असो.

पहिला नमुना आला तेव्हा
मजकुराच्या जागी भलतंच काही भरलेलं होतं,
कशालाच अर्थ नसलेले परके शब्द.
मालकांच्या वडिलांनी एकेक अक्षर लावत
सगळं वाचलं आणि म्हणाले,
छान आहे, फक्त जरा मोठं छापा.
तहसीनला हसू आवरेना.
मला मात्र रात्री झोप लागेना:
त्या जागी आता मी काय लिहू?
'आमच्याविषयी' म्हणजे नेमकं कोणाविषयी?
शेडमधल्या चोवीस मागांविषयी,
की त्यातल्या चालू नऊ मागांविषयी?
'परंपरा' लिहिलं, खोडलं.
'विश्वास' लिहायच्या आधीच खोडलं.
मग लिहिलं: आम्ही चादरी विणतो.
श्रीशैल म्हणाला, मॅडम, एवढंच?
खाली लई मोकळं दिसलालंय की.

मग लाल रंगावरून वाद.
तहसीनच्या स्क्रीनवर डाळिंबाचा दाणा,
श्रीशैलच्या स्क्रीनवर वीट,
माझ्या फोनवर थेट सरबत.
रंगखात्यातून सिद्रामला बोलावलं.
त्यानं हात पुसले, जे पुसून कधीच निघत नाहीत,
तिन्हीकडं पाहिलं,
आणि तळहात पुढं केला: ह्यो.
तहसीननं तळहाताचा फोटो काढला,
त्यातून रंगाचा सहा अक्षरी आकडा उचलला.
आता साइटवरचं प्रत्येक बटण
सिद्रामच्या तळहाताचं आहे.
दाबणाऱ्याला ते कळायचं काही कारण नाही.

फोटो मोठा करून बघताना
पोशेट्टीमामांना मोराच्या पिसाऱ्यात
एक सुटलेला धागा सापडला.
एक मिनिट, पुसून टाकतो, श्रीशैल म्हणाला,
खरंच एकच मिनिट.
मामा म्हणाले, इथला पुसशील रे.
गिऱ्हाइकाच्या अंथरुणातला?
चादर मागवली, खिडकीशी बसले,
सुई, त्याच रंगाचा दोरा, चष्मा कपाळावर.
बाहेर त्रेचाळीस अंश.
वीज गेली, आली, परत गेली.
कुणीतरी कडक भाकरीचा चुरा आणि शेंगाचटणी काढली,
खाऊन झाली, मामांचं चालूच.
श्रीशैल आधी घड्याळ बघत होता,
मग कधीतरी सुई बघू लागला.
दोन तासांनी फोटो परत काढला.
आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेवले तर
मला तरी फरक सांगता येणार नाही.
या दोन तासांची ओळ बिलात टाकू का, त्यानं विचारलं,
आणि मी बोलायच्या आतच
राहू दे म्हणाला.

साइट सुरू झाली मंगळवारी, पहाटे साडेचारला.
मुहूर्त वगैरे नाही,
तेव्हा आमच्या नळाला पाणी होतं
आणि मी जागीच होते.
एका हातात पाइप, एका हातात फोन.
पान उघडेपर्यंत पिंप भरलं.
वर मोर, खाली माझं एक वाक्य,
त्याखाली ती मोकळी जागा,
कुणी न राहणाऱ्या खोलीसारखी झाडलेली.
पाणी पायावर सांडेपर्यंत बघत राहिले.

पहिला निरोप चार दिवसांनी, भुसावळहून:
रंग फोटोत दिसतो तसाच आहे ना?
मालक म्हणाले, हो लिहा, लगेच लिहा.
मी आधी सिद्रामला वाचून दाखवला.
तो हात पुसत म्हणाला,
लिवा बाई,
धुतल्यावर कळंल.