मीठ कमी

वाशीच्या इस्पितळात, आतल्या खोलीत,
शेलारबाईंनी कागद माझ्याकडे फिरवला.
"व्हायरस सापडत नाही, सुगंधाताई. सलग सहावं वर्ष.
आता हृदयाकडे बघू या."
आणि लाल पेनाने गोल केला
वाईट चरबीच्या आकड्याभोवती.

मला हसूच आलं.
एकोणीस वर्षांपूर्वी ह्याच खुर्चीत
मी सदतीस किलोची बसले होते.
रेतीच्या बोटीवरचा नवरा जाऊन चाळीस दिवस,
आणि तेव्हाच्या बाई म्हणाल्या होत्या, खा.
तूप खा, अंडी खा, वजन वाढव.
मी खाल्लं. रडत खाल्लं, ओकून पुन्हा खाल्लं.
दर किलोला भाऊ दोन पेढे आणायचा,
कशाचे ते कुणाला सांगायचा नाही.
मग त्या जुन्या गोळीने गाल आत गेले, पोट पुढे आलं,
बाजारात बायका म्हणाल्या, सुखात दिसतेस.

आता कमरेला टेप लावतात.

"आत बारीक धग राहते हो, गोळी चालू असली तरी.
नसांना ती सोसत नाही.
म्हणून तुम्ही इतरांपेक्षा जास्त जपायचं.
तेल महिन्याला अर्धा लिटर.
मीठ दिवसाला चहाचा एक चमचा, सगळं धरून.
खारं बंद."

बाई, मी म्हटलं,
माझा बाप करावेच्या मिठागरात राबला.
टाचांच्या भेगांत मीठ घेऊन घरी यायचा,
आई म्हणायची, ह्याने कालवणात बोट बुडवलं तरी पुरे.
आम्हाला पगार मिठाचा, शिव्या मिठाच्या,
मिठागर गेलं तेव्हा अंगणातली माती चाखून बघितली होती त्याने.
तिथे आता चौदा मजले आहेत.
आणि तुम्ही म्हणता, चमचा.

शेलारबाई हसल्या. पेन मात्र खाली ठेवलं नाही.

घरी आले. रिकाम्या डब्या काढल्या,
नखाने लेबलं खरवडून ठेवलेल्या, एकीत मोहरी, एकीत टाचण्या.
एकीचं झाकण घेतलं: हे आजपासून तेलाचं माप.
फोडणी तडतडली नाही, नुसती कुरकुरली.

मग जयवंतच्या हळदीचं आमंत्रण.
पूर्वी अशा पंगतीत सगळ्यांना स्टीलचं ताट,
मला कागदाचं.
आता केटरर सगळ्यांनाच कागदाचं देतो.
वाढपी रस्सा घेऊन आला, वर बोटभर तवंग,
मी पानावर हात आडवा धरला.
नामीआत्या वळली. "काय गो, मटण नको? काय झालंय तुला?"

ह्या प्रश्नाला मी आजवर
कावीळ दिली, टायफॉइड दिला,
संकष्टी नसताना संकष्टी दिली.
"कोलेस्टेरॉल," मी म्हटलं.
डीजे वाजत होता, म्हणून जरा ओरडूनच.

आणि काय सांगू, अख्खी रांग उघडली.
नामीआत्याचं दोनशे साठ.
गुलाबआक्काला दोन स्टेंट, तिने बांगड्या सारून मनगटावरचा डाग दाखवला.
पद्मी म्हणाली, रात्री मेथी भिजव, सकाळी चावून खा, माझं ऐक.
कुणाचा डॉक्टर बेलापूरचा, कुणाचा नेरूळचा,
कोण चालायला जातं, कोण नुसते बूट घेऊन बसलंय.
मी विचारत होते, सांगत होते.
खोटं नव्हतं ते.
अर्धं होतं.

नामीआत्याने तिच्या पानातली काकडी उचलली,
माझ्या पानात टाकली.
हाताने.

घरी पोचायला उशीर झाला. गोळीचा गजर
वाटेतच वाजून गेला होता, पाण्यासोबत घेतली.
मग फळीवरून खाऱ्या बांगड्याचा डबा काढला. फक्त एक.
पातेल्यात बुडवला. पाणी गढूळलं, ओतलं,
दुसरं घातलं, तिसरं घातलं.
जिभेच्या टोकाला लावून पाहिला.

सुटतो खार.
सगळा नाही सुटत.
आणखी एक पाणी घालून झोपले.