पासष्ट अंश

बर्टन-अपॉन-ट्रेंट, जानेवारी, रात्रीचे अडीच.
सांगलीत सकाळचे आठ.
टाकीत भरडलेलं जव गरम पाण्यात भिजतंय
आणि माझी नजर काट्यावर.

ग्लेनिसनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
आपण इथं काही करत नाही.
करणारे आत आहेत, दिसत नाहीत.
आपण त्यांचं हवापाणी सांभाळायचं.

शाळेत त्यांना विकर म्हणायचे.
मी पेपरात एक काना जास्त दिला,
तर गुळवणीबाईंनी लाल शाईत विचारलं,
कोणता विकार?

मला ते अडकित्त्यासारखे वाटतात.
पिष्टाची लांबलचक साखळी तोंडात धरायची,
कट्,
साखर बाजूला, पुन्हा तोंड उघडं.
सुपारी संपते. अडकित्ता तेवढाच राहतो.

थंडीत ते मरत नाहीत, आखडून बसतात.
पाण्याचा आंबटपणा जरा हलला की रुसतात
(इथल्या विहिरींत जिप्सम आहे, म्हणून हे गाव बिअरचं).
पासष्टला मात्र असे भिडतात
की तासाभरात ती पिठाळ पेज
गोड होऊन पळीवरून घळाघळा वाहते.

फोन श्रीरंगचा.
आईनं कालही घास थुंकला.
कवळी बसत नाही. पेज घट्ट होते,
पातळ केली तर पोटात नुसतं पाणी.
मग म्हणाला, तुझं बरंय,
तू तिकडं दारू गाळ, मी इथं पेज भरवतो.
मीही काहीतरी बोललो.
काय ते लिहीत नाही.

तोवर वाफेचा व्हॉल्व्ह अडकलेला.
काटा ब्याऐंशीवर.

गार पाणी सोडलं. काटा उतरला,
अगदी पासष्टवर, शहाण्यासारखा.
पण खीळ निखळलेले अडकित्ते
निवले म्हणून जुळत नाहीत.
ग्लेनिसनं पांढऱ्या बशीत थेंब घेतला, वर आयोडीन.
निळंकाळं, दौत सांडल्यासारखं.
पिष्ट जागच्या जागी.
ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली,
गार पडलं असतं तर वाट पाहिली असती.

सहाला दुसरा घाणा लावला.
साडेसातला आयोडीन आपल्याच रंगाचं राहिलं,
कोऱ्या चहासारखं.

मग बाकड्यावर बसून श्रीरंगला लिहिलं:
नाचणीला मोड आण, वाळव, दळ. भाजू नकोस.
पेज घट्टच शिजव, खाली उतरव.
बोट क्षणभर टेकवता येईल इतकी निवली
की त्यात चमचाभर हे पीठ. ढवळ. दहा मिनिटं थांब.
आपोआप सैल होईल, पाणी न घालता.
मग हवी तर उकळी दे,
तोवर त्यांचं काम झालेलं असतं.
आधी मात्र उकळत्यात टाकू नकोस.

दोन करड्या खुणा.
निळ्या झाल्या.
उत्तर नाही.

निळं दिसलं की इथं आम्ही
आधी काट्याकडे बघतो,
मग घड्याळाकडे.