लिलावघर

साखरीनाट्याचं नवं लिलावघर माझ्या देखरेखीखाली झालं.
आरसीसीचे खांब, छताला भिडणाऱ्या पांढऱ्या टाइल्स,
वर पत्रा.
धुवायला सोपं हवं, एवढंच कागदावर होतं.
आवाजासाठी रकाना नव्हता.

पहिल्या सकाळी मजीद सोलकर ओरडला,
सुरमई, पाटी बाराशे.
चंद्रभागा आडविरकर म्हणाली, तेराशे.
समोरच्या कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, तेराशे.
तिनं चौदाशे केले. त्यानंही केले.
अशी ती सोळाशेपर्यंत स्वतःवरच चढत गेली
आणि पाटी उचलून बघते तर कोपऱ्यात
बर्फाचा रिकामा खोका.
"मेल्या," ती मला म्हणाली,
"तुज्या भिंतीनं परवाना काढलान कधी?"

पुळणीवर लिलाव व्हायचा तेव्हा
निम्मा आवाज वाळू पिऊन टाकायची,
उरलेला वारा न्यायचा समुद्रावर.
परत कुणीच आणून द्यायचं नाही.

पोरांनी छताखाली जुनी जाळी ताणली.
आवाज मांदेलीहून बारीक,
आसातून सुटून पत्र्यावर आपटला,
पुन्हा खाली.
मग काथ्या आणला. गोणपाटांत ठासून
चाळीस गाद्या टांगल्या, वटवाघळांसारख्या.
दुसऱ्या दिवशी मजीद ओरडला
आणि बाराशे बाराशेच राहिले.
त्याला चुकल्यासारखं झालं. म्हणाला,
माझा आवाज एवढाच होता होय?

पण खांबाला काथ्या लावता येत नाही.

धक्क्याकडच्या पहिल्या खांबाला पाठ टेकून
हव्वाबी कोलीम निवडते.
अकरा वर्षं तिला ऐकू येत नाही.
मान वर न करता ती सांगते,
इब्राहिमची आली. ही खारव्यांची, दोन सिलिंडरवाली.
मग बऱ्याच वेळानं
भिंतीआडून नाळ दिसते.
मी एकदा तिथं हात ठेवून पाहिला:
धक्का, कातळ, काँक्रीट, आणि तळव्यात
कुणीतरी दाराबाहेरून
हळू ठोकावं तसं.

तपासणीचा शेरा आला आहे:
धक्क्याचा हादरा इमारतीत शिरतो.
सांध्यात रबर घालावे.
चूक माझीच, सांधा मी सोडलाच नव्हता.
आता कापून घ्यायचा.

रबराची गुंडाळी मार्चमध्येच आली.
टेबलाखाली आहे.
तिच्यावर पाय ठेवून मी दर महिन्याला
अहवालात लिहितो,
साहित्य अद्याप प्राप्त नाही.