लाकडी ठोकळा

चिंगोलाच्या शेडमध्ये, तापल्या पत्र्याखाली
तू दगड चाटायचीस, मुटिंटा.
ओला झाला की बोलतो, म्हणायचीस,
आणि जिभेवर तांब्याची हिरवट चव घेऊन
वहीत मीटर लिहायचीस :
दोनशे बारा. दोनशे तेरा.

ड्रिल पोकळीत घसरलं
की नळीतून नुसतं गढूळ पाणी यायचं.
पेटीत तेवढ्या जागी मी ठोकळा ठेवायचो,
त्यावर पेन्सिलीने : सत्तर सेंटिमीटर, नाही.
एकदा आळसाने
दोन तुकडे जवळ सरकवून दिले.
तू रागावली नाहीस,
पुन्हा लांब केलेस फक्त.
"काबासो, जे हाती आलं नाही
त्यालाही लांबी असते."

मग तू शिफ्टची प्रमुख, मग खाणीची,
मग लुसाकात नववा मजला.
तुझी हातोडी तिथे काचेमागे असते
असं ड्रायव्हर सांगतो.

काल आलीस.
तीन नंबरचा शाफ्ट बंद, चारशे सहा माणसं.
आकडा स्वतः वाचलास,
सोबतच्या कोटवाल्यांना वाचू दिला नाहीस.
कुणी शिवी दिली नाही.
ते जास्त वाईट होतं.

संध्याकाळी शेडमध्ये एकटीच,
जुन्या पेट्यांपुढे उकिडवी.
दगड उचललास, तोंडापर्यंत नेलास,
तसाच ठेवलास.
"ठोकळे अजून करतोस?"
मी एक दिला, कोरा, ताज्या वासाचा.
बराच वेळ उलटसुलट करत राहिलीस.
नंतर
माझ्या कानामागची पेन्सिल मागितलीस.