उसना दशक

दोन वर्षांची फी एक लाख चाळीस हजार,
तक्ते, पाठाची साडी, हॉस्टेल वेगळं.
खानापूरच्या बँकेतला कारकून मान वर न करता म्हणाला,
"मूरु कंतु बाकी."
कंतु म्हणजे हप्ता.
बी.एड.ला हा शब्द नव्हता.

जांबोटीकडच्या शाळेत महिना नऊ हजार,
मे महिना कोरडा.
हप्ता चार हजार दोनशे, मेमध्येसुद्धा.
बस बायकांना फुकट आहे म्हणून तेवढं तरी निभतं.
चंदगडला जागा निघतात, खरं तिथं विचारतात, डोमिसाईल?
इथं विचारतात, कन्नड?

चौथीत पोरं सात.
फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस.
दोनातून सात जात नाहीत,
मग शेजारच्या पाचाकडून एक दशक उसना घ्यायचा.

भैरू गावड्यानं हात वर केला,
"बाई, तो परत कधी द्यायचा?"

"द्यायचा नसतो रे. गणितात नसतो."

सुट्टीनंतर वह्या तपासल्या.
उत्तर पंचवीस, बरोबर.
समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं:
दहा. द्यायचे आहेत.

लाल पेन उघडून बराच वेळ बसले,
मग त्यावरही
बरोबरची खूण केली.